चिखलात पाय रुतण्याआधी: खाडीत आणि धरणाच्या गाळात उतरणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात बदकांच्या मागे चिखलात उतरणारा माणूस आता शिकारी नसतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी रानबदकांची शिकार बंद केली. आज उतरतात ते जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेचे स्वयंसेवक, थापट्या आणि तलवार बदकांचे जवळून फोटो हवे असणारे छायाचित्रकार, पाण्याचे आणि गाळाचे नमुने घेणारे विद्यार्थी. त्यांच्याशिवाय तिसऱ्या (शिंपल्या), कालवं आणि चिंबोऱ्या काढणारे खाडीकाठचे लोक आहेतच, पण त्यांना चिखल कळतो. हे लिखाण पहिल्या तिघांसाठी आहे.

अगदी आधी समजून घ्यायची गोष्ट अशी की चिखल माणसाला गिळत नाही. तो धरून ठेवतो. जीव जातो तो त्यानंतर येणाऱ्या भरतीने, तोंडघशी पडून पाण्यात बुडाल्याने, दुपारच्या उन्हाने किंवा ओढून काढणाऱ्यांच्या घाईने. म्हणून या विषयातलं निम्मं काम घड्याळाचं आहे आणि निम्मं पायांचं. बहुतेक नवखे फक्त पायांचा विचार करतात.

पाय का निघत नाही

गाळ म्हणजे माती, पाणी आणि कुजलेला पाला यांचं मिश्रण. ओल्या गाळाची घनता पाण्याहून बरीच जास्त असते, माणसाच्या शरीराची जवळपास पाण्याइतकी. त्यामुळे माणूस साधारण मांड्या-कमरेपर्यंत जातो आणि तरंगू लागतो. सिनेमात दाखवतात तसं डोक्यासकट खाली जाणं होत नाही.

पण बाहेर येणं वेगळं. बारीक चिकणमातीचा एक गुण आहे: स्थिर असताना ती घट्ट राहते, हलवली की पातळ होते, आणि हलणं थांबलं की पुन्हा आवळते. पाय टाकताना आपण ती हलवतो म्हणून पाय आत जातो. नंतर दम खायला थांबलो की तीच माती पायाभोवती बसते. वर ओढताना तळव्याखाली पोकळी तयार होऊ पाहते, तिथे हवा किंवा पाणी पोहोचत नाही, आणि वरचा हवेचा दाब पाय खाली दाबून धरतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. तळव्याचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरलं तर वरची मर्यादा २०० किलोच्या घरात जाते. गमबुटाचा तळ याहून मोठा, म्हणून पकडही मोठी.

२००५ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी रुतणाऱ्या वाळूवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये छापला. त्यांच्या हिशेबाने अशा वाळूतून पाय सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने ओढायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतकं बळ लागतं. हिसका का उपयोगी पडत नाही ते यातून कळतं. पायाच्या बाजूने पाणी खाली उतरू दिलं की पकड सुटते, आणि पाणी उतरायला वेळ लागतो. सुटकेची सगळी युक्ती एवढीच: पाण्याला वाट करून द्या आणि त्याला वेळ द्या.

खाडीतला चिखल: तिथी पाहिल्याशिवाय उतरू नका

ठाण्याची खाडी हे याचं उत्तम उदाहरण. २०१५ मध्ये तिथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आत जायला वन विभागाची परवानगी लागते. ती कागदोपत्री असण्याखेरीज तिचा एक व्यावहारिक फायदा आहे: तुम्ही नेमके कुठे उतरला आहात हे कुणाला तरी ठाऊक असतं.

आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यांत चालणारा जुना हिशेब आजही कामाचा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ अंदाजे मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी किंवा नंतर. हा अंदाज आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून दिवसाच्या नेमक्या वेळा छापील तक्त्यावरूनच घ्या. मुंबईचे तक्ते अपोलो बंदराचे असतात. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोहोचते, पण त्या उशिरावर विसंबून बेत आखू नये.

आता हाच हिशेब पक्षीनिरीक्षकाच्या सवयीशी ताडून पाहा. आपण पहाटे निघतो, सातला काठावर पोहोचतो. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पूर्ण ओहोटी सहाच्या आसपास होऊन गेलेली असते. म्हणजे चिखल सर्वांत जास्त उघडा दिसतो, पक्षी भरपूर दिसतात, आणि पाणी आपल्याकडे निघालेलं असतं. वर्षातली मोठी उधाणं याच दिवशी. संध्याकाळची ओहोटीही सहाच्या सुमाराला, तिच्यामागे भरती आणि अंधार एकत्र येतात. खाडीत उतरायला या दोन्ही वेळा वाईट. त्यापेक्षा चतुर्थी ते षष्ठी बरी: ओहोटी सकाळी नऊ ते साडेदहाच्या आसपास पूर्ण होते, उजेड असतो, पाणी उतरत असताना तुम्ही आत जाता. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, चिखलही कमी उघडतो. नवख्याने सुरुवात तेव्हाच करावी.

पाणी किती वेगाने चढतं? उधाणाला मुंबईत ओहोटी-भरतीत ४ मीटरांहून अधिक फरक पडतो. ४.२ मीटर धरू. नेहमीच्या ठोकताळ्याने पहिल्या तासात याचा बारावा भाग चढतो, म्हणजे ३५ सेंटिमीटर. दुसऱ्या तासात ७०. तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी १०५. पहिला तास फसवा असतो तो यामुळे. पाणी आलंच नाही असं वाटतं. चिखलाचा उतार ५०० मीटरला १ मीटर इतका सपाट असेल, तर तिसऱ्या तासात पाण्याची कड मिनिटाला जवळपास ९ मीटर सरकते. पोटरीभर चिखलात दमलेला माणूस तेवढंही चालत नाही.

शिवाय पाणी समोरूनच येत नाही. चिखलातून जे छोटे ओहळ खाडीला मिळतात ते आधी भरतात, आणि त्यांतले काही तुमच्या आणि काठाच्या मध्ये असतात. समोर अजून शंभर मीटर कोरडा चिखल दिसतो आणि मागचा ओहळ छातीइतका झालेला असतो. आत जाताना ओलांडलेला प्रत्येक ओहळ मोजा. एकाहून जास्त ओलांडावे लागत असतील तर ती जागा सोडा.

नियम साधा ठेवा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, अर्धा तास आधी परतीला लागा. पूर्ण ओहोटीच्या क्षणी तुम्ही काठापासून पन्नास मीटरांच्या आत असला पाहिजेत. गजर लावा, कारण दुर्बिणीला डोळा लावला की वेळेचं भान राहत नाही.

धरणाच्या फुगवट्यातला गाळ

उजनीच्या पाण्यावर भिगवणला, पैठणच्या नाथसागरावर किंवा नांदूर मधमेश्वरला भरती-ओहोटी नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. तिथले धोके वेगळे आहेत.

पहिला धोका पापुद्र्याचा. जानेवारीपासून पाणी ओसरू लागतं, उघडा पडलेला गाळ उन्हाने वरून वाळतो, त्याला भेगा पडतात, आणि तो घट्ट जमिनीसारखा दिसतो. वरचा थर पाच-दहा सेंटिमीटरचा, खाली लोण्यासारखा गाळ. काळ्या मातीचा गाळ पाणी धरून ठेवतो, त्यामुळे वरच्या भेगा पाहून खालच्या ओलीचा अंदाज येत नाही. माणूस दहा पावलं चालतो, अकराव्याला थर मोडतो आणि एक पाय मांडीपर्यंत जातो. दुसरा पाय वर अडकलेला, शरीर वाकडं. गुडघ्याला इजा होते ती अशा वेळी. काठी आपटून पाहा: भरीव जमिनीचा आवाज दणकट येतो, पापुद्र्याचा बद्द. गाळपेरीची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली, रानं जिथे उभी आहेत तिथपर्यंत जमीन बहुधा भरवशाची, कारण तिथे माणसं आणि बैल रोज वावरतात. त्याच्या पुढची पट्टी मधली, आणि पाण्यालगतची वीस-तीस मीटर सर्वांत वाईट.

दुसरा धोका पाण्याखालच्या जुन्या जगाचा. उजनीत गावं गेली, उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं हे सगळ्यांना माहीत आहे. देवळासोबत विहिरी, पाट, बांध आणि घरांच्या चौथऱ्यांचे खड्डेही तिथेच आहेत. त्यात वाळू आणि माती उपशाच्या खड्ड्यांची भर. हे खड्डे पातळ गाळाने भरतात आणि वरून सपाट दिसतात. अनोळखी ठिकाणी स्थानिक मच्छीमाराला सोबत घेणं किंवा सरळ त्याच्या होडीतून जाणं, याला पर्याय नाही. भिगवणला होड्या मिळतातच. होडीतून बदकं जवळून आणि कमी बुजून दिसतात, हे चिखल तुडवणाऱ्यांना पटवून द्यायला हवं.

तिसरा धोका जाळ्यांचा. बारीक तंगूसाची जाळी पाण्याखाली दिसत नाही. रुतलेल्या पायाला ती गुंडाळली की प्रत्येक हालचालीने आवळत जाते. गळ्यात किंवा छातीवरच्या खिशात, एका हाताने उघडेल असा छोटा चाकू ठेवा. पाठीवरच्या बॅगेतला चाकू असून नसल्यासारखा. जलपर्णीचा हिरवा थर ही जमीन नव्हे, हे वेगळं सांगायला नको, तरी काठाला चिकटलेल्या जलपर्णीवर पाय देणारे दिसतात.

कंबरभर पाणी आणि खाली गाळ

बदकांसाठी पाण्यात चालणाऱ्यांची ही नेहमीची स्थिती, आणि माझ्या मते सगळ्यांत धोक्याची. पाण्याने शरीराचं वजन हलकं होतं, म्हणून पाय कमी रुततात आणि आत्मविश्वास वाढतो. पण तळ दिसत नाही, आणि तोल गेला तर पाऊल टाकून सावरता येत नाही, कारण पाऊल गाळात आहे. दोन्ही पाय घट्ट आणि धड पुढे झुकलं की तोंड पाण्याखाली जातं. इतक्या पाण्यातही माणूस बुडतो.

म्हणून इथे तीन गोष्टी सक्तीच्या. लाइफ जॅकेट, पट्टे आवळलेलं, काठावरूनच घातलेलं. काठी नेहमी हातात आणि तीन आधारांपैकी दोन कायम जमिनीवर. आणि पाऊल सरपटत टाका, उचलून नाही. त्याने खड्डा आधी कळतो, आणि खाडीच्या तोंडाशी पाकट माशाच्या अंगावर पाय पडण्याचाही धोका घटतो. त्याच्या शेपटीचा काटा विषारी असतो. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर अनेकांना तो लागला होता.

छातीपर्यंतची रबरी विजार वापरणारे आता काही छायाचित्रकार दिसतात. तिचा कमरेचा पट्टा घट्ट बांधा, म्हणजे पडल्यावर आत पाणी कमी शिरेल. पाणी भरलेली विजार माणसाला तळाला खेचते हा समज बरोबर नाही, पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं. ती जड होते पाण्याबाहेर येताना. पण तिचे बूट गाळात अडकले तर पाय सोडवणं साध्या बुटांपेक्षा कितीतरी अवघड, कारण विजार आणि बूट एकच असतात. गुडघाभर गाळाची शक्यता असेल तर ती घालूच नका.

पायात काय, हातात काय

गमबूट चिखलासाठीच असतात असं वाटतं. घोट्यापर्यंतच्या चिखलाला ते ठीक. त्याहून खोल गेले की बूट खाली राहतो, पाय वर येतो आणि माणूस तोल जाऊन बसतो. अनवाणी पाय सर्वांत सहज निघतो, कारण चवडा वाकतो. मात्र कालवांच्या कडा ब्लेडसारखं कापतात, शिवाय काचा आणि तिवरांच्या श्वसनमुळांचे खुंट. मधला मार्ग म्हणजे जुने, पातळ तळाचे कॅनव्हासचे बूट, एक माप घट्ट, नाडी घोट्याभोवती दोनदा फिरवून बांधलेली, आत जाड मोजे. रुतलेला बूट सोडून द्यायची वेळ आली तर नाडी कापायला चाकू आहेच.

काठी बांबूची, १.८ ते २ मीटर लांब, ३ सेंटिमीटर जाड, दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण. ही मोजपट्टी आहे. एका हाताने साधारण दहा किलोचा जोर देऊन खुपसा. काठीच्या टोकाचं क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला १.४ किलोच्या आसपास. ७० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की दाब ३५० ग्रॅम. काठीचा दाब चौपट असल्याने ती जिथे थांबते तिथे पाय सहसा त्याआधीच थांबतो. काठी २० सेंटिमीटरवर थांबली तर चालता येईल. ४० वर थांबली तर दुसरी वाट शोधा. नुसती सोडल्यावर स्वतःच्या वजनाने उतरत असेल तर मागे फिरा.

फळी न्यायला लोकांना संकोच वाटतो. ६० बाय ९० सेंटिमीटरची, १२ मिलिमीटर प्लायवूडची एक फळी, एका कोपऱ्याला भोक आणि दोन मीटर दोरी. मागे ओढत न्यायची. तिचं क्षेत्रफळ ५४०० चौरस सेंटिमीटर, त्यावर झोपलेल्या ७० किलोच्या माणसाचा दाब जेमतेम १३ ग्रॅम. वरच्या ३५० ग्रॅमशी तुलना करून पाहा. इतर सगळ्या साधनांपेक्षा ही एक फळी जास्त जीव वाचवू शकते.

याशिवाय १५ ते २० मीटर तरंगणारी दोरी, १० ते १२ मिलिमीटर जाडीची. गळ्यात शिट्टी. फोन जलरोधक पिशवीत, गळ्यात. पाणी निदान एक लिटर, कारण अडकलेला माणूस तीन तास उन्हात असू शकतो. डोक्यावर टोपी. भिगवणला हिवाळ्यातल्या पहाटे गारठा असतो, ओल्या अंगाने अडकलेला माणूस कुडकुडून थकतो, म्हणून कोरडा जाड शर्ट प्लास्टिकमध्ये काठावरच्या माणसाकडे ठेवा.

हो, काठावर माणूस हवाच. कमीत कमी तिघे: दोघे आत, एक बाहेर, त्याच्याकडे फोन आणि परतीची ठरलेली वेळ. आतल्या दोघांमध्ये पाच-सहा मीटर अंतर, म्हणजे एकाच वेळी दोघे रुतणार नाहीत आणि दोरी पोहोचेल. मागच्याने पुढच्याच्या पावलात पाऊल टाकू नये. ढवळलेला गाळ पातळ झालेला असतो. वीतभर बाजूला टाकावं.

चिखल वाचायचा कसा

लाटांच्या बारीक रेघा दिसतात तिथे वाळू जास्त, जमीन घट्ट. शिंपल्यांचा खच असेल तिथेही. तिवरांची पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं जिथवर आहेत तिथवर खालचं जाळं वजन पेलतं. मुळं तुडवणं मात्र झाडाला घातक आहे, त्यामुळे त्यांच्या कडेने जा, मधून नको. गुळगुळीत, चकाकणारा, आरशासारखा पृष्ठभाग म्हणजे पाणी अजून आत आहे: टाळा. काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर बारीक, हवा न पोहोचलेला, बहुधा खोल गाळ. ओहळाच्या वळणाच्या आतल्या बाजूला ताजा गाळ साचतो, तिथे पाय टाकू नका. निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे) जिथे सळसळत पळतात तिथला थर पातळच असतो.

पक्ष्यांवरून जमीन ओळखू नका. धाकटा रोहित जेमतेम दोन किलोचा, बोटांमध्ये पडदे असलेला. तो चालतो तिथे माणूस गुडघाभर जातो. त्यापेक्षा धरणाच्या काठी म्हशींचे खूर पाहा. ताजे, बोटभर खोल ठसे असतील तर जमीन चांगली. वीतभर खोल असतील तर तुम्हालाही जड जाईल. वाळलेल्या ठशांवर विश्वास नको, ते कुठल्या ओलीत उमटले कोण जाणे.

आणि स्वतःच्या पायाला मर्यादा घालून द्या. घोट्यापर्यंत: चला. पोटरीच्या मध्यापर्यंत: हळू, आणि सलग दहा पावलं तसंच असेल तर परता. गुडघ्याच्या खाली चार बोटं: तिथेच थांबा, पुढचं पाऊल मागे टाका. "पलीकडे घट्ट असेल" हा विचार मनात येतो तेव्हाच बहुतेक लोक अडकतात.

अडकलात तर

थांबा. दुसरा पाय जोरात रोवून पहिला उपटू नका, त्याने दोन्ही रुततात. शिट्टीचे तीन लांब आवाज द्या आणि काठावरच्याला ११२ लावायला सांगा. सुटका होईल असं वाटत असलं तरी सांगा, मदत यायला वेळ लागतो आणि भरती थांबत नाही. अग्निशमन दल १०१, समुद्र-खाडीत तटरक्षक दलाचा बचाव क्रमांक १५५४.

बॅग उतरवा आणि समोर किंवा मागे आडवी टाका. कॅमेरा, ट्रायपॉड, सगळं. ट्रायपॉड आडवा ठेवला की आधार होतो. कॅमेऱ्याची काळजी करत उभं राहिलेला माणूस तेवढ्या वेळात आणखी चार बोटं खाली जातो.

आता मागे बसा. उघड्या चिखलात असाल तर पार्श्वभागावर बसून हळूहळू पाठीवर रेला, हात पसरा, काठी किंवा फळी पाठीखाली घ्या. पायांवरचं वजन निघालं की खाली जाणं थांबतं. पाणी साचलेलं असेल तर लाइफ जॅकेटच्या आधाराने मागे रेला, पुढे कधीच नाही.

मग एकच पाय घ्या, कमी रुतलेला. चवडा खाली ताणा, जणू टोकावर उभे आहात. पाय छोट्या गोलात हलवा, पाच-सात सेंटिमीटर, घाई न करता. हाताने पायालगत बोटं खुपसून चर करा आणि त्यात पाणी ओता, बाटलीतलं किंवा आजूबाजूचं. आधी टाच उचला, म्हणजे गुडघा वाकवून पाय मागच्या बाजूला वर आणा. तळवा तिरका झाला की टाचेकडून पाणी शिरतं आणि पकड ढिली होते. दर मिनिटाला दोन-तीन सेंटिमीटर आलं तरी काम होत आहे. एका पायाला दहा-पंधरा मिनिटं लागणं सर्वसाधारण आहे. दमलात तर थांबा, पण थांबतानाही पाय हलका हलवत राहा, नाहीतर माती पुन्हा बसते.

पाय निघाला की उभे राहू नका. नडगी चिखलावर आडवी टाका. नडगीसह गुडघा हा रुंद आधार आहे, तळव्याच्या दुप्पट. त्यावर वजन घेऊन दुसरा पाय तसाच सोडवा. मग पोटावर किंवा बाजूवर आडवे व्हा आणि सरपटत, कोपर आणि नडग्यांवर, ज्या वाटेने आलात त्याच वाटेच्या शेजारून मागे जा. पुढचा काठ जवळ दिसला तरी पुढे नाही. मागची जमीन तुम्ही तपासलेली आहे. काठी टेकवून ती भरवशाची लागेपर्यंत उभे राहू नका.

दुसऱ्याला काढताना

धावत त्याच्याजवळ जाऊ नका. चार मीटरांवर थांबा, आडवे व्हा, फळी, शिडी, दाराची फळी, ताडपत्री, उलटी होडी, जे असेल ते पुढे सरकवा. त्याला आधी पाणी प्यायला द्या आणि मागे रेलायला लावा. पाणी चढत असेल तर पहिलं काम त्याला लाइफ जॅकेट घालणं आणि डोकं वर ठेवणं, पाय नंतर.

दोरी काखांखालून, छातीभोवती, न आवळणाऱ्या गाठीने. ती त्याला धरून ठेवण्यासाठी आहे, उपटण्यासाठी नाही. ट्रॅक्टर, जेसीबी किंवा दहा जणांचा जोर लावून ओढल्याने खांदे निखळतात, गुडघ्याचे आणि मणक्याचे स्नायुबंध फाटतात. चिखलाची पकड मात्र तशीच राहते. पायाशी पाणी पोहोचवा. धरणाकाठी हे सोपं आहे: शेतातला फवारणीचा पंप आणा, पुढचं नोझल काढा, लांब नळी पायालगत हळूहळू खाली सरकवा आणि पंप मारत राहा. पंप औषधाचा असेल तर आधी दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. अग्निशमन दल रुतलेल्याला काढताना याच तत्त्वाने, दाबाखालचं पाणी किंवा हवा पायाशी सोडून, पकड मोडतं. एक पाय सुटला की त्याच्याखाली फळी घाला, नाहीतर तो परत जातो.

बाहेर आल्यावर त्याला लगेच उभं करू नका, विशेषतः तासाहून जास्त अडकला असेल तर. आडवाच काठावर आणा, पंधरा मिनिटं तसाच ठेवा, ओले कपडे काढून कोरडं पांघरूण द्या. चक्कर, पायात बधिरपणा, पोटऱ्या कडक होणं किंवा गडद रंगाची लघवी दिसली तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या.

जखमा किरकोळ दिसल्या तरी साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. कालवाच्या कापण्यात शिंपल्याचा चुरा राहतो आणि ती जखम चिघळते. धनुर्वाताचं इंजेक्शन पूर्वी कधी घेतलं ते आठवत नसेल तर त्याच दिवशी घ्या. पुढच्या चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं किंवा डोळ्यांत लाली आली, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना सांगा की तुम्ही चिखलात उतरला होता. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) संशय त्यांना तेवढ्या एका माहितीने येतो आणि उपचार वेळेत सुरू होतात.